रेस नका देऊ जी

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात पावसाळ्यात वाहनांचे दोनच प्रकार असतात : चिखलात फसलेली आणि फसणार असलेली. तिसरा प्रकार शोधायचाच झाला तर तो पडवीत, ताडपत्रीखाली, ऑक्टोबरची वाट पाहत सापडतो. मोटारसायकल विकत घ्यायला आलेला इथला माणूस ॲव्हरेज विचारतो, नाही असं नाही. पण त्याआधी तो गाडीच्या पुढच्या चाकावर वाकतो आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये किती बोटं जातात ते पाहतो. शोरूममधल्या तरुण विक्रेत्याला या परीक्षेचा अर्थ कळत नाही. तो त्याला रंग दाखवत राहतो.

भामरागड गाव तीन नद्यांच्या संगमावर आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. इंद्रावती फुगली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे जायला जागा उरत नाही. ते मागे सरतं, पुलावर चढतं आणि कधीकधी बाजारपेठेत येतं. दुकानदार माल वरच्या फळीवर चढवून शांतपणे गप्पा मारत बसतात. पुराचे फोटो निघतात, बातमी होते, ‘संपर्क तुटला’ असा मथळा येतो. चिखलाची मात्र कधी बातमी होत नाही. पूर चार दिवसांत उतरतो, चिखल चार महिने मुक्कामाला असतो, आणि संपर्क तोडण्याचं काम तो कुठलाही गाजावाजा न करता करतो.

बाहेरून येणारे पाहुणे या चिखलाचा सामना ताकदीनं करू पाहतात. मोठी गाडी, चारही चाकांना जोर, दारावर इंग्रजीत डोंगरबिंगराचं चित्र. पांदण रस्त्यावर गाडी जरा अडली की चालक रेस देतो. चाकं फिरतात, चिखलाचा गारा दोन्ही बाजूंना उडतो, गाडी थरथरते आणि जागच्या जागी विहीर खणू लागते. माझं निरीक्षण असं की दोन चाकांना जोर असलेली गाडी जिथे फसते, त्याच्या बऱ्याच पुढे जाऊन चारही चाकांना जोर असलेली गाडी फसते. त्यामुळे तिला काढायला येणाऱ्या ट्रॅक्टरला तेवढं जास्त चालावं लागतं.

माझ्याकडे राजदूत आहे. एस्कॉर्ट्स कंपनीची, १७३ सीसीची, मूळ नकाशा पोलंडमधल्या एका मोटारसायकलीचा. ती बनणं बंद होऊनही बरीच वर्षं झाली. शाळेतले तरुण सहकारी तिच्याकडे आदरानं पाहतात, म्हणजे तिच्यावर बसत नाहीत. तिच्या पुढच्या चाकाला भलंमोठं खोलगट मडगार्ड होतं. शहरात ते कपडे वाचवतं. इथल्या चिकट मातीत मात्र ते चिखल साठवायची कोठी होतं, आणि कोठी भरली की चाक फिरायचं थांबतं. इंजिन सुरू, गिअरमध्ये गाडी, आणि पुढचं चाक समाधी लावून बसलेलं.

आलापल्लीच्या मेकॅनिकनं तिला पाहिलं, एक फेरी मारली आणि सुधारणेला सुरुवात केली. मला वाटलं होतं, तो इंजिनाला हात घालील. त्यानं आधी काढायलाच घेतलं. साडी-गार्ड काढला, चेनवरचं झाकण काढलं, कारण त्यातही गारा भरतो. मडगार्ड वर उचलून बसवलं. मागचं स्प्रॉकेट जास्त दात्यांचं टाकलं. आता पळते कमी, पण मुंगीच्या वेगानं जातानाही इंजिन आचके देत नाही. टायरमधली हवा थोडी कमी केली, फार नाही, कारण फार कमी केली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटून येतो. शेवटी त्यानं हात पुसत मला एकच वाक्य सांगितलं : ‘‘सर, फसली त रेस नका देऊ जी. जितकी रेस द्यान, तितकी खाली जाईन.’’

पावसाळ्याच्या संध्याकाळी राजदूत ताडपत्रीखाली असते तेव्हा मी बर्फावर चालणाऱ्या गाड्यांविषयी वाचतो. उष्ण प्रदेशातल्या माणसाचा हा निरुपद्रवी छंद. आपले पर्यटक गुलमर्गला गेले की भाड्याचे बूट घालून ज्या स्नोमोबाइलवर फेरी मारतात आणि पुढे वर्षभर जिचा फोटो व्हॉट्सॲपवर मिरवतात, तीच ही. पुढे दोन स्की, मागे गोल फिरणारा रुंद रबरी पट्टा, पट्ट्यावर आडव्या पात्या. कॅनडा-अमेरिकेच्या डोंगरांत लोक ती कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात घालतात. ज्यांच्याकडे नवी घ्यायला पैसे नसतात ते पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची जुनी गाडी घेऊन तिला वळण लावत बसतात. त्यांचे उद्योग वाचताना मला सारखी आलापल्ली आठवते.

तेही आधी काढायलाच घेतात. अशा गाडीत पुढच्या दोन्ही स्की एकमेकींना बांधून ठेवणारा एक आडवा दांडा असतो. सपाट, टणक वाटेवर तो गाडीला वळणात कलू देत नाही आणि तिथे ते बरोबरच असतं. पण डोंगरउतारावर, खोल बर्फात, गाडी कलायलाच हवी. कलली नाही तर उतार तिला आपल्या मर्जीनं खाली नेतो. म्हणून जाणकार तो दांडा काढून टाकतात. पुढच्या स्प्रिंगा सैल करतात, म्हणजे गाडीचं नाक बर्फात घुसत नाही. दोन्ही स्कींमधलं अंतर कमी करतात, पण प्रत्येक स्की रुंद बसवतात. हँडल उंच करतात, कारण या गाडीवर बसून चालत नाही, उभं राहावं लागतं. गिअरिंग बदलतात, राजदूतचं बदललं त्याच न्यायानं. जमलं तर लांब पट्टा टाकतात. जुन्या गाड्यांचा पट्टा १३६ इंचांच्या आसपास असायचा, आता डोंगरी गाड्यांना १५४ इंचांपासून १७४ इंचांपर्यंतचे येतात. आणि नवशिक्याला पहिला धडा देतात : गाडी रुतली तर थ्रॉटल दाबू नका, पट्टा खड्डा खणेल, उतरा, समोरचा बर्फ पायानं तुडवून वाट करा, मग हळूच काढा. म्हणजे, रेस नका देऊ जी.

यामागचा हिशेब पाचवीच्या मुलालाही करता येईल. मोटारसायकलच्या टायरमध्ये जेवढी हवा, साधारण तेवढाच दाब ती जमिनीवर देते. दर चौरस सेंटिमीटरला दोनेक किलो. साठ किलोचा माणूस चालताना एका पावलावर आला की तोच दाब तीनशे ग्रॅमच्या आसपास पडतो. आणि सव्वातीनशे किलो भरणारी, माणसासकटची स्नोमोबाइल आपलं वजन पट्ट्यावर आणि स्कींवर एवढं पसरते की दर चौरस सेंटिमीटरला पन्नास ग्रॅमही येत नाहीत. आपल्यापेक्षा पाचपट जड यंत्र आपल्यापेक्षा हलकं पाऊल टाकतं. रोवणीच्या दिवसांत भाताच्या बांधीत उतरलेला ट्रॅक्टर हेच करतो. त्याच्या मागच्या चाकांना लोखंडी पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी चाकं जोडतात. ती गाऱ्यात पसरून उभी राहतात, चिखलणीही करतात आणि ट्रॅक्टरही वर धरतात. म्हशीनं तर खूर दुभंगून घेऊन हा प्रश्न कुणालाही न विचारता सोडवला आहे. ती मऊ जमिनीत खूर फाकवते, काढताना मिटवते, आणि फसलेल्या गाडीशेजारून जाताना एकदा मान वळवून पाहते.

स्नोमोबाइलच्या उगमाची गोष्ट मात्र गमतीची नाही. जोसेफ-अर्मांद बोम्बार्डिए हा कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर गावचा गॅरेजवाला. १९३४च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानं आजारी पडला. रस्ते बर्फानं बंद, गॅरेजमधलं यंत्र अजून अपुरं, दवाखाना लांब. मूल वाचलं नाही. पुढे त्यानं दातेरी चाक आणि रबरी पट्टा यांची जोडणी जमवली आणि १९३७ साली तिचं पेटंट मिळवलं. त्याच्या पहिल्या गाड्या खेळायच्या नव्हत्याच. सात माणसांची बर्फावरची बस होती ती, डॉक्टर, टपालवाले आणि धर्मगुरू यांच्यासाठी. एकट्यादुकट्यानं मजेत पळवायची हलकी ‘स्की-डू’ आली ती १९५९ साली.

ही गोष्ट भामरागडात बसून वाचली की कॅनडा फार लांब राहत नाही. बाबा आमटे यांनी १९७३ साली इथून जवळच, हेमलकसाला, लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे झाडाखाली रुग्ण तपासायला सुरुवात केली, तेव्हा पावसाळ्याचे महिने बाहेरच्या जगाशी वाट बंदच असे. आसपासचे माडिया लोक रुग्णाला बाजेवर निजवून, बाजेची कावड करून, जंगलातून चालत आणत. आजही आडवळणाच्या गावातून पावसात अशी बाज निघते आणि नाल्याला पाणी असेल तर डोंग्यातून पलीकडे जाते. मोटारसायकलसुद्धा इथे डोंग्यात बसून नदी ओलांडते. त्या वेळी ती चालवणाऱ्याच्या चेहऱ्यावर लग्नातल्या वरमाईचा गंभीर भाव असतो.

बाजेचं कौतुक करायचा मोह होतो, पण तो आवरावा. शहरातून आलेला कुणी तिला ‘पर्यावरणपूरक रुग्णवाहिका’ म्हणू लागला तर त्याला तिचा एक खांदा द्यावा. पहिल्या नाल्यापर्यंत त्याचं मत बदलतं. चिखलातलं चालणं ही इथल्या लोकांची कला आहे हे खरं, पण ती हौसेनं शिकलेली नाही. म्हणून नवा उंच पूल होतो, डांबर थोडं पुढे सरकतं, तेव्हा ‘जुनी मजा गेली’ असं म्हणणारा मला इथे अजून भेटलेला नाही. असं म्हणणारे सगळे पक्क्या रस्त्याच्या गावी राहतात.

तरीही त्या बाजेकडून राजदूतवाल्यानं एक गोष्ट घ्यावी. चार माणसं, आठ पावलं. वजन वाटून घेतलेलं. एकाचा पाय रुतला तर बाकीचे थांबतात, तो पाय काढतो, बाज आडवीच राहते. मऊ जमिनीवर जायची जी काही विद्या आहे ती एवढीच. आपलं ओझं एका जागी टेकवायचं नाही, ताठ राहायचं नाही, अडलं की जोर वाढवण्याआधी थांबून पाहायचं. मेकॅनिक यातलं निम्मं करून देतो. उरलेलं निम्मं गाडीवर बसणाऱ्यानं स्वतःच्या अंगात बसवून घ्यायचं असतं. डोंगरी स्नोमोबाइलवाला उतारावर दोन्ही पाय वरच्या बाजूच्या फूटबोर्डवर टाकून उभा राहतो आणि हँडलपेक्षा कमरेनं गाडी वळवतो. मी गाऱ्यातून जाताना पायटांवर किंचित उठतो, हात सैल सोडतो आणि गाडीला तिचा चाकोरा निवडू देतो. ती बहुतेक वेळा माझ्यापेक्षा बरा निवडते. खांदे आवळून हँडल घट्ट धरणारा माणूस गाडीला सुधारायची संधीच देत नाही. वयानं आम्ही दोघं सारखेच जुने आहोत, त्यामुळे सैल स्प्रिंगांचं महत्त्व मला वेगळं पटवून द्यावं लागलं नाही.

एका बाबतीत बर्फातले जाणकार आणि भामरागडातले जाणकार यांचं शब्दशः एकमत आहे : एकट्यानं जायचं नाही. तिकडे कारण हिमकडा कोसळण्याचं असतं. सोबत्याकडे फावडं, लांब सळई आणि गाडला गेलेला माणूस शोधायचं यंत्र असावं लागतं. इकडे सोबत्याकडे एक दोरी आणि चांगला स्वभाव असला की पुरतं. हिशेबाच्या वहीत मागे बसलेला माणूस म्हणजे निव्वळ साठ-सत्तर किलोंचा तोटा. त्याच्यामुळेच चाक आणखी बोटभर रुततं. पण गाडी फसली की तो उतरतो, तेवढं वजन तिथेच कमी होतं, आणि वर मागून ढकलायला दोन हात मिळतात. एवढा चटकन उतरणारा, स्वतःहून धक्का देणारा आणि पोचल्यावर चहा मागणारा दुसरा कुठलाही सुटा भाग आलापल्लीच्या दुकानात मिळत नाही. तेव्हा जुनी गाडी असलेल्या कुणालाही, तो गुलमर्गचा असो की गडचिरोलीचा, माझा सल्ला हाच : आधी मडगार्ड उचला, मग हवा पाहा, आणि निघताना मागे कुणालातरी बसवा. मात्र निघण्यापूर्वी त्याला नीट समजावून सांगा की चिखल उडतो तो मागच्या बाजूला, आणि ढकलणारा उभा असतो तोही मागच्याच बाजूला. तेव्हा रेस न देण्यात त्याचंही हित आहे.