पंपातलं मेनूकार्ड

इन्सुलिन पंपाच्या पोटात खाद्यपदार्थांची यादी भरायची कल्पना ज्याला सुचली, तो तिन्हीत्रिकाळ पाकिटातलंच जेवत असणार. ऑम्निपॉड नावाच्या पंपाच्या जुन्या रिमोटात हजारावर पदार्थ होते. अमेरिकी न्याहारी कर्बोदकांच्या ग्रॅमांसकट हजर, आपलं थालीपीठ बेपत्ता. बरं, यादीत आहे ते तरी शोधायचं कसं? बटण दाबत, ओळीमागून ओळ उतरत. तोवर वरणभात गार.

खरी गंमत पुढे आहे. हा पंप इन्सुलिन सोडतो ०.०५ युनिटच्या हिशेबाने, वाढणारी आजी वाढते पळीने, आणि वर "एवढ्याशाने काय होतंय, घे रे!" या 'एवढ्याशा'चे ग्रॅम कुठल्या कोशात बघायचे? ज्याला १० ग्रॅम कर्बोदकांना १ युनिट लागतं, त्याचा अंदाज २० ग्रॅमने चुकला की २ युनिटांचा घोळ. दशांशाची सगळी ऐट आग्रहाच्या एका पुरणपोळीत बुडाली.

मध्यम केळ्याचे २७ ग्रॅम मात्र अशा याद्यांत हमखास सापडतात. पंप वापरणाऱ्याला तेवढे झोपेतून उठवून विचारले तरी येतात.