बकासुराचा दुसरा गाडा

मृगाच्या तोंडावर केळझरच्या चहाच्या टपरीवर बसा, एक काकाजी हमखास भेटतील. असे काकाजी गावोगावी असतात. आमचे जरा बेरकी. नागपूरच्या वेधशाळेचा अंदाज मोबाईलवर, नक्षत्राचं वाहन पंचांगात, भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत तोंडपाठ. तिन्हींवर भरवसा सारखाच, म्हणजे शून्य. "मोबाईल म्हणते विजांसह, पंचांग म्हणते गाढव. वावरात दोघंबी आले नाही गा!"

भरवसा फक्त काकूंच्या कुरडयांवर. तीन दिवस गहू भिजवून, चीक शिजवून काकूंनी खाटेवरच्या लुगड्यावर कुरडया घातल्या, की भर मे महिन्यात आभाळ फाटतं. म्हणून एका कोरड्या जूनमध्ये काकाजींनी त्यांना पुन्हा गहू भिजवायला सांगितलं. काकूंनी हातातला साचा खाली ठेवला आणि नुसतं पाहिलं. विषय संपला.

छत्री पावसाळाभर खुंटीला. "छत्री दिसली का तो बिचकते."

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं सांगतं. काकाजींचं पर्जन्यमापक म्हणजे तर्जनी. धुऱ्यावर चपला काढायच्या, टाचेनं माती उकरायची, बोट खुपसायचं, मग ते नाकाशी न्यायचं. "ओल वरवरचीच हाये." एवढ्यात शेजारच्या वावरात ट्रॅक्टर पेरायला लागतो. काकाजींना रात्रभर झोप नाही. सकाळी तेही पेरून मोकळे. बोटाचं शास्त्र ट्रॅक्टरच्या आवाजापुढे टिकत नाही, हे मी दरसाल पाहतो.

मग पाऊस गायब. वर्धा रस्त्याच्या पल्याड चिखल, अल्याड फुफाटा. एकरी तीस किलो सोयाबीन मातीत भाजत पडलेलं. केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, भीमानं बकासुर मारला तो इथंच, असं गाव मानतं. काकाजी मानत नाहीत. "मेला असता, तर गाडाभर बियाणं दरसाल कोण खाते? वरून दुसरा गाडाबी मागते लेक!"

दुबार पेरणीचं बियाणं आणायला ते निघाले. टेकडीवरच्या सिद्धिविनायकाला रस्त्यावरूनच हात जोडले. परतताना मोटारसायकलवर बॅग, आणि अर्ध्या वाटेत टपोरे थेंब. काकाजींनी अंगातला सदरा काढून बॅगेवर टाकला, उघड्या अंगानं आभाळाकडे पाहिलं आणि ओरडले, "आता काऊन आला गा? घरी तं जाऊ दे!"