बाटलीतलं गॅरेज

मंगळवारी सकाळी आमच्याकडे गॅसचा सिलिंडर तपासला गेला. बायकोने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या सताड उघडल्या, नळीला साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का तेही पाहिलं. सिलिंडर ठणठणीत होता. गळत होतो तो मी. ऑफिसला निघताना मानेवर दोन आणि मनगटावर एक असे तीन फवारे मी मारले होते, आणि त्या अत्तराचा विषय होता गॅरेज.

‘विषय’ हा शब्द माझा नाही, भाच्याचा. तो बंगळुरूला असतो. त्याच्या मते अत्तराला वास असणं हा जुन्या पिढीचा समज आहे. अत्तराला विषय असतो. “मामा, गुलाब-चंदन काय, सगळेच लावतात,” असं म्हणत त्याने वाढदिवसाला एक काळी बाटली हातात ठेवली. बाटलीचं नाव मी सांगत नाही, कारण भेट म्हणून आलेल्या वस्तूची बदनामी करू नये असे आमच्यावर संस्कार आहेत. किंमत त्याने सांगितली नाही. ती बायकोने फोनवर शोधून काढली आणि तेवढ्यात स्कूटरचं वर्षभराचं सर्व्हिसिंग होतं हेही सांगून टाकलं.

आता हे खूळ भाच्याचं एकट्याचं नाही. जपानच्या रेई कावाकुबो या बाईंनी 1969 साली तोक्योत ‘कॉम दे गार्सों’ सुरू केलं. पुढे भोकं पडलेले स्वेटर पॅरिसला नेऊन त्यांनी भल्याभल्यांना विचारात पाडलं. कपड्यांनंतर त्या अत्तरांकडे वळल्या. 1998 साली त्यांच्या कंपनीने ‘ओदर 53’ आणलं. त्यात 53 वास, आणि त्यांत वाऱ्यावर वाळणारे कपडे, नेलपॉलिश, जळकं रबर अशी मंडळी. दोन वर्षांनी ‘ओदर 71’ आलं. त्याच्या यादीत तापलेल्या बल्बवरची धूळ आहे, झेरॉक्सच्या मशीनचा टोनर आहे, टोस्टर आहे, पेन्सिलीचं छिलकं आहे, बॅटरीला जीभ लावल्यावर लागते ती खारट चव आहे आणि शेवटी लेट्यूसचा रसही आहे. म्हणजे थोडक्यात जेवणाच्या सुट्टीतलं ऑफिस. 2004 साली तर त्यांनी संकोच पार सोडला आणि एका दमात पाच बाटल्या काढल्या: गॅरेज, डांबर, रेक्झिन, सोडा आणि ड्राय क्लीन.

आमच्या ऑफिसातला झेरॉक्सवाला गेली अनेक वर्षं टोनरचा वास अंगावर घेऊन घरी जातो. त्याला आजवर कुणी ‘कुठलं लावलंय?’ असं विचारलेलं नाही.

गंमत अशी की अत्तराच्या धंद्यात डांबर काही आज शिरलेलं नाही. विल्यम पर्किन या इंग्रज पोराने 1856 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कोळशाच्या डांबरातल्या रसायनापासून जांभळा रंग काढला. पुढे 1868 साली त्यानेच कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं. कापून वाळत घातलेल्या गवताचा गोडसर वास येतो, तो या कुमारिनचा. ते घालून पॅरिसच्या ऊबिगाँ कंपनीने 1882 साली ‘फुजेर रोयाल’ काढलं आणि तिथून कारखान्यातली रसायनं राजरोस अत्तरात आली. 1921 चं ‘शनेल नंबर 5’ ज्या झगमगाटासाठी ओळखलं जातं, तो आल्डिहाइडचा, म्हणजे तोही प्रयोगशाळेतलाच. आधी कोळसा, मग पेट्रोलियम. माल तिथून यायचा आणि जाहिरातीत बाई चमेलीच्या ताटव्यात उभी असायची. इतकी वर्षं खपून या लोकांनी डांबरातून फुलं काढली. आता फुलांचा कंटाळा आला म्हणून तेच लोक कोट घालून, चष्मे पुसून, फुलांच्या शेजारच्या बरणीतून पुन्हा डांबर काढायला बसले आहेत.

तर त्या मंगळवारी मी बाहेर पडलो. लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी वर पंख्याकडे पाहिलं आणि “मोटर जळतेय” म्हणून पहिल्या मजल्यावरच उतरले. ठाण्याहून गाडी पकडली. सव्वानऊच्या फास्टला मला दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं जागा सुटली. हे सुख मला तीस वर्षांत मिळालं नव्हतं, आणि तेवढ्यापुरते कावाकुबोबाईंचे मी मनोमन आभार मानले. कुर्ल्याला एका गृहस्थांनी काळजीने विचारलं, “पेंटचं काम करता का?” मी म्हटलं, अत्तर आहे. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आपल्या खिशातली विक्सची डबी पुढे केली.

भाच्याला फोन करून हे सांगितलं तर तो खूश. लोक ‘अस्वस्थ’ झाले म्हणजे अत्तर पोचलं, असं त्याचं म्हणणं. त्याने मला वासाचे थर समजावले. आधी वरचा थर येतो, तो उडून जातो, मग मधला, आणि शेवटी तळाचा, तो कातडीला धरून राहतो. मला हे पटकन कळलं, कारण माझी मेहुणी डोंबिवलीला, एमआयडीसीला लागून राहते. त्या गावाने 2014 साली हिरवा पाऊस पाहिला आहे आणि 2020 साली गुलाबी रस्ता. तिथले लोक तक्रारअर्जात वर्षानुवर्षं ‘उग्र दर्प’ एवढंच लिहीत आले. चुकलंच त्यांचं. “महोदय, रात्री साडेअकराच्या सुमारास वरच्या थरात अमोनिया, मधल्या थरात नासका कांदा आणि तळाशी रेंगाळणारं ओलं जळकं प्लॅस्टिक” असं लिहिलं असतं तर आज एव्हाना पॅरिसहून कुणीतरी येऊन सही करून गेलं असतं.

संध्याकाळी स्कूटर आणायला आमच्या मेकॅनिककडे गेलो. म्हटलं, या बाबतीत याच्यापेक्षा मोठा जाणकार कोण? मनगट पुढे केलं. त्याने कानामागचा स्क्रू ड्रायव्हर काढून बाजूला ठेवला, हात चिंधीला पुसले आणि अगदी गंभीरपणे हुंगलं.

“काय आहे हे?”

“गॅरेज.”

“कुणाचं?”

मी म्हटलं, कुणाचं असं नाही, एकूणच. त्याने पुन्हा हुंगलं. “रॉकेल आहे. पण भेसळीचं. रबर आहे, ते नवीन ट्यूबचं, जुन्या टायरचं नाय. आणि साहेब, यात माणूस कुठाय?” मला कळेना. तो म्हणाला, “गॅरेजात सकाळपासून चार पोरं घामेजलेली असतात. तो चहा उतू गेलेला असतो. मागे मोरी आहे. ते काय घातलं नाय यांनी.”

एवढं नेमकं परीक्षण मी इंग्रजी मासिकांतही वाचलेलं नाही. आणि याला शास्त्राचाही आधार आहे. लोखंडी कठडा किंवा चावी हातात धरल्यावर जो ‘लोखंडाचा’ वास येतो, तो लोखंडाचा नसतोच. ग्लिंडेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवून दिलं की घामामुळे लोखंडाचा सूक्ष्म अंश हाताला लागतो, त्याने कातडीवरची चरबी फुटते आणि त्यातून निघालेल्या, अळंबीसारखा वास असलेल्या द्रव्यांना आपण लोखंड म्हणतो. म्हणजे गॅरेजच्या वासात निम्मा वास मेकॅनिकचाच. तोच नेमका बाटलीबाहेर राहिला.

हे त्याला सांगितलं. तो म्हणाला, “मग आमचं काय ते द्या की.”

मला या वासाचं कौतुक कळायला अंमळ जड जातं, त्याला घरचं कारण आहे. माझे वडील वागळे इस्टेटमध्ये टर्नर होते. लेथवर कटिंग ऑइल उडायचं, ते सदऱ्यात, केसांत, नखांत मुरायचं. जिन्यात त्यांच्या पावलांच्या आधी तो वास वर यायचा. मोरीत त्यांच्यासाठी लाकडाच्या भुशाचा डबा ठेवलेला असे. घरी आले की साबणात भुसा कालवून कोपरापर्यंत हात घासायचे, तेवढ्याने भागलं नाही तर रॉकेलचा बोळा. रविवारी मात्र स्वच्छ सदरा, आणि कानाच्या पाळीत हिन्याचा फाया. पंधरा-वीस मिनिटं घासून जे काढायचं आणि वर आठ आण्यांचं अत्तर लावून जे झाकायचं, ते चाळीस वर्षांनी त्यांच्या नातवाने बंगळुरूत पैसे मोजून माझ्यासाठी विकत घेतलं. त्यांच्या वासाला झाकण नव्हतं, हा त्यांच्या आणि आमच्या मालातला फरक.

रात्री जेवायला बसलो. आई आता ब्याऐंशीची आहे, दिसतं कमी, नाक मात्र शाबूत. मी पाट ओढला तशी तिची मान वर झाली. वाढता वाढता बायको थांबली. आता सिलिंडरचं पुन्हा निघणार, असं मला वाटलं.

“आधी हात धुऊन ये,” आई म्हणाली. “भुसा मोरीतच आहे.”

मोरी जाऊन तिथे टाइल्सची बाथरूम आली त्याला वीस वर्षं झाली. मी उठलो. साबण लावला, पुन्हा लावला, बायकोची भांडी घासायची काथी घेतली. बाटलीवर लिहिलं होतं, बारा तास टिकतं. तेवढं मात्र खरं निघालं.