कच्चं काम

शाळेत गणिताच्या पेपरात उजवीकडे एक रेघ मारून वर ‘कच्चे काम’ असं लिहायची पद्धत होती. रेघेपलीकडे आपली सगळी अब्रू सांडलेली असे: सात सक एक्केचाळीस, त्यावर काट, पुन्हा एक्केचाळीस. तपासणारे तिकडे बघत नसत. उत्तर स्वच्छ अक्षरात डावीकडे आलं की विषय संपला.

तंत्रज्ञान कंपन्यांच्या मुलाखतीत मात्र रेघेपलीकडचंच तपासतात. साधारण पाऊण तास, एखाददुसरा प्रश्न आणि समोर फळा. हल्ली फळ्याच्या जागी पडद्यावर कोरं पान येतं आणि बऱ्याचदा त्यावर लिहिलेला कोड चालवूनही बघता येत नाही. अट एकच, विचार मोठ्यानं करायचा. आपल्याकडे वर्गात पुटपुटणाऱ्याला खडू फेकून मारत, आणि ‘मनातल्या मनात कर’ हे ऐकत मुलं इंजिनिअर होतात. मग एके दिवशी कोणी अनोळखी माणूस सांगतो, मनातलं बोला. डोकं चालू असताना तोंड बंद ठेवायची इतक्या वर्षांची सवय. ती मोडली की दोन्ही एकदम बंद पडतात.

पूर्वीचे प्रश्न तर याहून अजब होते. मायक्रोसॉफ्टमध्ये विचारत, मॅनहोलची झाकणं गोल का? फुजी पर्वत हलवायचा तर कसा हलवाल? गूगलच्या नावावर शाळेच्या बसमध्ये गोल्फचे चेंडू किती मावतील, हा प्रश्न जमा आहे. आपल्याकडच्या अनुभवी माणसाला फुजी हलवायला सांगितला तर तो आधी विचारेल, परवानगी कुठल्या खात्याची लागते? माझ्या मते पूर्ण गुण त्यालाच द्यायला हवेत.

2013 साली गूगलचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगून टाकलं की ही कोडी म्हणजे वेळेचा अपव्यय, त्यातून फक्त विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. हे कळेपर्यंत किती जणांनी मनात बस रिकामी करून चेंडू भरले असतील, देव जाणे. कोडी गेली, फळा राहिला. 2015 मध्ये मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरनं गूगलनं नाकारल्यावर ट्विटरवर वैतागून लिहिलं की तुमचे नव्वद टक्के इंजिनिअर मी लिहिलेलं ‘होमब्रू’ हे सॉफ्टवेअर वापरतात, पण मला फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून तुम्ही नकार देता. नव्वदचा आकडा त्याचा स्वतःचा. चिडलेल्या माणसाकडून टक्केवारीचा पुरावा मागू नये.

उमेदवारांना खरा छळतो तो कळफलकाचा आवाज. आपण बोलत असतो आणि पलीकडे मुलाखतकाराची टकटक चालू असते. मध्येच वेग वाढतो. काही चमकदार बोललो, की घोडचूक केली? आवाजावरून कळायला मार्ग नाही. गूगलमध्ये तर निवडीचा निर्णय एक समिती घेत आली आहे, आणि तिनं उमेदवाराला पाहिलेलंही नसतं. तिच्यापुढे जातात ती मुलाखतकारांची टिपणं, म्हणजे आपल्या कच्च्या कामाची दुसऱ्याच्या अक्षरातली पक्की नक्कल.

आमच्या शेजारचा मुलगा सध्या अशाच एका मुलाखतीच्या तयारीत आहे. दार लावून एकटाच बोलतो, ‘आधी हे क्रमानं लावू... नको, थांबा, वेळ फार जाईल.’ हे ‘थांबा’ कोणाला, या काळजीनं त्याच्या आजी परवा माझ्याकडे आल्या. मी समजावलं की नोकरीसाठी हे करावं लागतं. त्यांचं समाधान काही झालं नाही.

शेवटची पाच मिनिटं उमेदवारानं प्रश्न विचारायचे असतात. त्यासाठी या मुलानं वजनदार प्रश्नांची यादी केली होती, ती मला वाचून दाखवत होता. तंत्रज्ञानाची दिशा, संघाची संस्कृती वगैरे. आजी शेंगा सोलत ऐकत होत्या.

“एवढं कशाला रे?” त्या म्हणाल्या. “या जागेवर आधी जो होता, तो का गेला ते विचार की.”

मुलगा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला आणि मग पेन शोधू लागला.