आमचाही एक लॉफ्ट विकणे आहे

कागल, जि. कोल्हापूर

श्री. लॉफ्टवाले शेट यांस,
सा. न. वि. वि.

आपली जाहिरात आमच्यापर्यंत पोचली. भाचा मुंबईहून सुट्टीला आला, तेव्हा नव्या बुटांचं नाक चेपू नये म्हणून त्यानं आत एक गुळगुळीत कागद कोंबला होता. तो उलगडला तर आत आपण निघालात. ‘इतिहासाच्या कुशीत, अस्सल गिरणगावात, दुप्पट उंचीचा लक्झरी लॉफ्ट. उघड्या तुळया, कच्च्या विटा, इंडस्ट्रियल कॅरॅक्टर. मोजकेच शिल्लक.’ किमतीच्या जागी मात्र ‘संपर्क साधा’. बैलबाजारातही भाव असाच ठरतो, उपरण्याखाली हात घालून बोटं दाबायची. पण तिथं निदान गिऱ्हाइकाला बैलाचे दात बघू देतात.

आधी घरात शब्दावरनंच घोळ झाला. भाच्याच्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये मोरीच्या वर सिमेंटची एक फळी आहे, तिला ते लोक लॉफ्ट म्हणतात. गणपतीचं मखर, आहेरात आलेले तीन थर्मास आणि बंद पडलेला मिक्सर असा तिथला संसार. ‘तेवढ्या फळीवर माणूस झोपणार कसा?’ असं आमच्या मंडळींनी विचारलं. मग भाच्यानं समजावलं, की हा अमेरिकेतला लॉफ्ट. न्यूयॉर्कच्या सोहो भागातले कारखाने उठले, रिकाम्या मजल्यांचं भाडं कमी, म्हणून चित्रकार-शिल्पकार तिथं चोरून राहू लागले. 1971 साली शहरानं कलावंतांना तिथं राहायची रीतसर मुभा दिली. मागोमाग ज्यांना चित्र काढता येत नव्हतं पण विकत घेता येत होतं असे लोक आले, आणि चित्रकारांना भाडं परवडेना.

हे ऐकलं आणि डोक्यात उजेड पडला. असली वस्तू आपल्या घरात तीन पिढ्या पडून आहे. आपण तिला माळा म्हणतो, म्हणून तिला कोण विचारत नाही. तरी शेट, आमचा माळा विकणे आहे. आपण या धंद्यातले जाणते, म्हणून पहिली संधी आपल्याला.

परिसराचं आधी सांगतो. आपल्या कागदावर ‘इतिहास’ हा शब्द एकदाच आलाय, तोही कुणाचं नावगाव न सांगता. आमच्याकडं तो नावानिशी मिळेल. कागल ही घाटग्यांची जहागीर. जयसिंगराव घाटग्यांचे चिरंजीव यशवंतराव 26 जून 1874 ला जन्मले, 17 मार्च 1884 ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. म्हणजे नऊ वर्षांचं पोर आम्ही कोल्हापूरला दिलं आणि आजवर एकदाही त्याची आठवण करून देऊन काही मागितलं नाही. (जयंतीच्या मिरवणुकीत थोडं मोठ्यानं बोलतो, तेवढंच.) गैबी चौक चालत पाच मिनिटांवर. तिथल्या पिराला हिंदू-मुसलमान दोघंही नारळ वाढवतात, त्याला आपण ‘कॉस्मोपॉलिटन लाइफस्टाइल’ लिहाल. ‘झोंबी’वाले आनंद यादव इथलेच, त्या पुस्तकाला 1990 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. पण गिऱ्हाइकाला पुस्तक वाचू देऊ नका. शाळेसाठी एका पोरानं किती ओढाताण सोसली ते वाचून लोक नको ते प्रश्न विचारतात.

आता मालाबद्दल. उघड्या तुळया? आमच्या आहेतच. खाली तक्तपोशी होती, ती वाळवीनं नेली, तेव्हापासून सगळं उघडं आहे. दुप्पट उंची म्हणाल तर मागच्या पावसाळ्यात सोप्यावरच्या कडीपाटाचे दोन खण खाली आले. आता सोप्यात उभं राहून मान वर केली की थेट कौलं दिसतात. आपल्या वास्तुविशारदाला त्यासाठी पैसे मोजावे लागले असतील, आमचं फुकटात झालं. नैसर्गिक उजेड मांजरांच्या कृपेनं. त्यांची भांडणं झाली की कौल सरकतं, आणि आषाढात त्याच भोकातून पाण्याची धार पडते, तिला वॉटर फीचर समजावं. इंडस्ट्रियल कॅरॅक्टरबद्दल तर तक्रारच करू नका. आजोबांच्या काळी माळ्यावर तंबाखूचे बोद असायचे. हा निपाणीचा पट्टा. त्याला आज कितीतरी वर्षं लोटली, पण नवा माणूस शिडी चढून वर गेला, की अजून सात शिंका देऊनच खाली येतो.

कारपेट एरिया विचारू नका, आम्ही खणांत मोजतो. मोजकेच शिल्लक हेही खरं, पण शिल्लक आहेत ते मालक. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर तेवीस नावं आहेत. एक चुलतभाऊ बेळगावात, बहीण इचलकरंजीत, चौघांच्या सह्या आता चित्रगुप्ताकडूनच आणाव्या लागतील. वाडे पावसानं पडतात असं आपल्याला वाटत असेल तर एकदा हा उतारा वाचा. पडलेल्या कौलाचे पैसे कुणी द्यायचे यावर तेवीस जणांचं एकमत व्हायला तीन पावसाळे लागतात.

आणि एक कबुली देऊन टाकतो. सोप्याचे सहा सागवानी खांब आम्हीच विकले. जुनं लाकूड घेणारा टेम्पो घेऊन दारात आला, त्यानं रोख मोजली, आम्ही लोखंडी पाइप लावले. ते खांब आता कुठल्यातरी हायवेच्या हॉटेलात ‘वाडा लुक’ देत उभे असतील. तेव्हा आम्ही आपल्याहून फार चांगले आहोत असा गैरसमज नको. आपण घाऊक, आम्ही किरकोळ.

आपला कागद मी परत बुटात कोंबणार होतो. पण त्यातल्या एका ओळीवर अडलो. ‘जिथे एकेकाळी साचे चालत, तिथे आता आपला सोफा.’

आमचे धाकटे चुलते, तात्या, गिरणीत साचेखात्यात होते. लालबागला एका खोलीत माणसं एवढी, की पाळीवरनं आलेला झोपायचा तेव्हा झोपलेला पाळीवर जायचा. वळकटी गार होत नसे. आपण ‘उंच, हवेशीर’ लिहिलंय. तात्या सांगत, सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवायची आणि खिडक्या बंद. साच्यांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले. घरात ते कायम ओरडून बोलत, पाहुण्यांना वाटे भांडण चाललंय. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. त्यातले एक तात्या वर्षभरानं एक ट्रंक घेऊन कागलला उतरले. घराच्या वाटण्या झालेल्या होत्या. खोली उरली नव्हती, म्हणून त्यांना माळा दिला. पहिल्या पाळीच्या वेळेला, भोंगा नसताना, ते वरच्या वर उठून बसत. फळ्या करकरत, आम्ही खाली कूस बदलत असू.

म्हणजे शेट, आपण ज्या मजल्याला लॉफ्ट म्हणता तिथून निघालेला माणूस आमच्या लॉफ्टवर येऊन राहिला. एवढं मात्र आपल्या कागदावर राहून गेलंय.

गिरण्यांच्या जमिनीचं पुढं काय झालं ते आम्ही भाऊबंदकीतले लोक चांगलं समजू शकतो. 1991 च्या नियमात तीन वाटे होते : एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. 2001 साली दुरुस्ती झाली, की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, बांधकामाखालची धरायची नाही. म्हणजे थोरल्यानं म्हणायचं, वाडा माझा, अंगणाचे तीन भाग करू. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही ही दुरुस्ती टिकली. आमच्याकडं असा डाव टाकणाऱ्या थोरल्याला सात वर्षं कोणी लग्नाला बोलावलं नव्हतं.

एक विनंती. आमच्या कागलच्या पोरानं, म्हणजे महाराजांनी, कोल्हापुरात 1906 साली शाहू मिल काढली. 2003 ला ती बंद पडली. जागा अजून आहे, तिथं स्मारक व्हायचं चाललंय. 2022 च्या स्मृतिशताब्दीत लोक तिथं प्रदर्शनं बघायला गेले, तेव्हा आत पाय ठेवताच वर छताकडं बघत होते. आपण कोल्हापूरला आलात तर रस्सा खा, अंबाबाईचं दर्शन घ्या, पण त्या बाजूला जाऊन मान वर करू नका. आपल्या नजरेची आम्हाला भीती वाटते.

व्यवहाराचं मन असेल तर कळवा. येताना आधी फोन करा. माळ्याची शिडी उरुसात मांडववाल्यानं नेली ती अजून परत आली नाही, तेव्हा गिऱ्हाइकांना आपापली आणायला सांगा.

आपला,
एक माळाधारक
(हिस्सा : तेविसावा)

ता. क. तात्या गेले त्याला बारा वर्षं झाली. ट्रंक वरच आहे. कुलूप आहे, किल्ली नाही. पाहिजे तर फर्निश्ड समजा.