आबा मशीन बघतात

मालवणपासून देवबागपर्यंत कुणी जुनी होडी विकायला काढली, की गिऱ्हाईक पैशांच्या आधी आबांना शोधतं. आबांनी आजवर स्वतः एकही होडी विकत घेतलेली नाही. मात्र निदान तीस जणांना त्यांनी घेऊ दिलेली नाही. त्या तिसांतले निम्मे आज त्यांना देव मानतात. उरलेले निम्मे रस्त्यात दिसले तर पलीकडून जातात.

सत्तरी ओलांडलेले, सुकटीसारखे आबा एकेकाळी जेटीजवळ इंजिनं दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे माडाखाली एक पिंप आणि एक तीन पायांची खुर्ची. आता दुकान नाही, पण खुर्ची आहे, आणि मेणकापडात गुंडाळलेला कॉम्प्रेशन गेज आहे. हा गेज ते देवघरात ठेवतात अशी वदंता आहे. मी स्वतः पाहिलंय. देवघरात नाही, देवघराखालच्या कप्प्यात, उदबत्तीच्या पुड्यांना लागून.

परवाच्या श्रावणात माझ्या भाच्याच्या डोक्यात पर्यटकांच्या होडीनं घर केलं. फायबरची होडी, मागे 40 हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, सगळं जुनं आणि स्वस्तात. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली. मी म्हटलं, आबांना घेऊन जा. त्यानं आबांना घेतलं, आणि ओझ्याला मला.

पहिला मालक मोठा उत्साही होता. आम्ही पोचायच्या आतच त्यानं होडी पाण्यात लोटून ठेवली होती. आबा गेले, कव्हरवर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा, आणि मागे येऊन वाळूत बसले.

"गरम कित्याक आसा?"

"सकाळी जरा चालवलंय, आबानू."

"गरम मशीन कोणाचाय चालता. थंड झाला की हाक मार."

मग आम्ही अडीच तास बसलो. जुन्या इंजिनाची खरी परीक्षा गार असताना पहिल्या दोरीला होते, हे आबांचं शास्त्र आहे आणि ते बरोबर आहे. पण या शास्त्रात वाट बघण्याचा भाग मोठा असतो, आणि वाट बघण्यात खाण्याचा. आबांनी चहा घेतला, पोहे घेतले, पुन्हा चहा घेतला. इंजिन गार झाल्यावर भाच्यानं दोरी ओढायला सुरुवात केली. मी बत्तीसपर्यंत मोजलं. आबांनी पोह्यांची बशी परत केली आणि आम्ही निघालो.

दुसऱ्याचं मशीन नवरीसारखं सजलेलं. काळा कुळकुळीत रंग, पंखासुद्धा रंगवलेला. आबा उकिडवे बसले आणि खाली पाण्यात राहणाऱ्या भागाला चिकटवलेला जस्ताचा तुकडा नखानं खरवडायला लागले. त्यावरही रंग होता. हा तुकडा खाऱ्या पाण्यात स्वतः झिजतो आणि बाकीचं अॅल्युमिनियम वाचवतो. त्याला रंग फासला की तो शाबूत राहतो, मशीन झिजतं.

"रंग बरो आसा," आबा म्हणाले. "खाली काय लपवलंस ता सांग."

तिसऱ्याकडे मात्र खरी करमणूक झाली. आबांनी गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू सैल करून थोडं तेल काचेच्या पेल्यात घेतलं. तेवढ्यात मालकाची बायको चहा घेऊन आली. आबांनी एका हातात चहाचा पेला धरला, दुसऱ्या हातात तेलाचा. रंग एकच, दुधाळ तांबूस. सील गेलं की पेटीत पाणी शिरतं आणि तेलाचं असं होतं.

"ह्येतली चाय खयची ता सांग," आबांनी मालकाला विचारलं. मालक हसला नाही. चहा मात्र आबा प्यायले.

आबा मशीन बघता बघता मालकच बघत असतात, हे तोवर माझ्या ध्यानात आलं होतं. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या दिसल्या तर म्हणायचे, हा उतावळा. एका सिलिंडरचा प्लग नवा आणि दुसऱ्याचा जुना, तर म्हणायचे, हा दोन रुपये वाचवून शंभर घालवणारा. गेज लावून आकडा बघायचे, पण आकड्याशी त्यांचं फारसं देणंघेणं नसे. दोन्ही सिलिंडर सारखे हवेत, दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की उठा. चौथ्या होडीवर असा फरक निघाल्यावर ते मालकाला म्हणाले, "घरात दोगे भाव एकमेकांशी बोलणत नाय मा?" बोलत नव्हते, हे आम्हाला नंतर कळलं. होडी दोघांत होती.

पण आबांचा खरा जीव कार्बोरेटरात. ते त्याला कार्बेटर म्हणतात आणि घरच्या माणसासारखा त्याचा उल्लेख करतात. भाच्याला त्यांनी तो असा शिकवला: ओठ आवळून फुंकर मार, वारा जोरात जातो की नाही? कार्बेटरचा गळाही मधे असाच आवळलेला असतो. तिथून हवा जोरात जाते, दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून वर ओढलं जातं. हे भोक एवढंसं. त्यात पेट्रोल सुकून राहिलं की त्याची वार्निशसारखी खळ धरते. मग मशीन फुल रेसवर चालतं आणि जेटीजवळ सावकाश घ्यायला गेलं की बंद पडतं, म्हणजे नेमकं चार माणसं बघत असतात तिथे.

जून ते ऑगस्ट होडी किनाऱ्यावर, झापांखाली. टाकीत उरलेलं पेट्रोल तसंच. आता पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते कोकणच्या पावसाळी हवेतली ओल पिऊन घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी जाऊन बसतं. टू-स्ट्रोकमध्ये लिटरला 20 मिली ऑइल मिसळलेलं, ते वर पेट्रोलाबरोबर राहतं. नळी मात्र तळातून ओढते. म्हणजे श्रावणात पहिली दोरी मारली की मशिनाच्या पोटात पहिला घास बिनतेलाचा. आबांचं इथेनॉलविषयीचं मत सरकारी धोरणाशी जुळत नाही, ते इथे छापता येणार नाही. पाचवी होडी त्यांनी नुसत्या वासावर नाकारली. वाटीचं बूच काढलं, हुंगलं आणि चपला घातल्या.

परतताना एकदा मी त्यांना आउटबोर्डची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा ओले एव्हिनरूड सरोवर ओलांडून मैत्रिणीसाठी आईस्क्रीम आणायला वल्हवत गेला, परत येईपर्यंत ते वितळलं, म्हणून त्याला होडीच्या मागे इंजिन लावायची कल्पना सुचली, अशी दंतकथा आहे. 1909 मध्ये त्याचं दीड हॉर्सपॉवरचं मशीन बाजारात आलं. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तेका होडी वल्हवूक येय नव्हती," ते म्हणाले.

सहावी आणि सातवी होडी सांगण्यासारखी नाही. आठवी आचऱ्याच्या बाजूला मिळाली. मालक वयस्क, कमी बोलणारा. मशीन गार. रंग मूळचा, ठिकठिकाणी उडालेला. दुसऱ्या दोरीला सुरू झालं, थोडा निळा धूर सोडला आणि शांत झालं. मागून थंडाव्याच्या पाण्याची धार पिचकारीसारखी सरळ. प्लग दोन्ही बिस्किटाच्या रंगाचे. गेजवर एकात 115, दुसऱ्यात 112. गिअरचं तेल स्वच्छ.

दोष सापडेना तसा आबांचा चेहरा उतरायला लागला. ते मशिनाभोवती तीनदा फिरले. भाचा आनंदानं माझ्याकडे बघत होता. मी आबांकडे बघत होतो, कारण एवढे केविलवाणे मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

मग त्यांनी कार्बेटरवर डोळे बारीक केले, आणि एकदम वीस वर्षांनी तरुण झाले.

"ह्या काय?"

चोकच्या दांडीच्या जागी एक काळी, बारीक, टोकाला वाकवलेली सळई होती. नीट पाहिलं तर छत्रीची काडी.

"छत्रीची काडी!" आबा मागे सरकून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "कार्बेटराक छत्रीची काडी! कोण तो मेलो मेकॅनिक? तेका समुद्रात बुडवूक होयो. अरे, चोकाची दांडी म्हंजे काय खेळ आसा? उद्या माणसां होडीत बसतली..." ते बराच वेळ बोलले. अशा माणसांमुळेच धंद्याचं नाव खराब झालं, असं त्यांचं म्हणणं पडलं. भाच्यानं मला कोपरानं ढोसलं. दहा हजार तरी उतरणार होते.

मालक सगळं संपेपर्यंत थांबला.

"आबानू," तो म्हणाला, "ती काडी तुमीच घातलास. बारा वर्षां झाली. पार्ट गावलो नाय, पाऊस कोसळत होतो. तुमी तुमचीच छत्री मोडलास."

लाटांचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला. आबा पुढे वाकले. काडीला बोट लावलं, हलवून पाहिली, टोकाचा बाक बघितला. चोक एकदा उघडला, एकदा मिटला. तो अगदी लोण्यासारखा चालत होता.

"म्हणान टिकली," ते म्हणाले.

भाव पावणेतीन लाखांवर अडला होता. भाच्यानं काडीचा विषय काढून बघितला, तर आबांनीच त्याला गप्प केलं. असं काम हल्ली कोण करून देतो, असं ते मालकाला दोनदा म्हणाले, आणि मालकानंही मान डोलावली. शेवटी पावणेतीनलाच सौदा झाला, वर आबांच्या आग्रहाखातर दोन हजार मालकाच्या नातवाच्या हातावर.

परतीच्या वाटेवर आबा गेज मांडीवर घेऊन गप्प बसले होते. भाच्याचं घर आल्यावर उतरले, चार पावलं गेले आणि मागे वळले.

"काडी बदलूची नाय," म्हणाले.