किनाऱ्याला विचारलं होतं का?

१९८७ साली मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळी टाकणाऱ्यांना, किनाऱ्यावर रापण ओढणाऱ्यांना आधी धड कुणी विचारलं नाही. मग विरोध झाला, तो वर्षानुवर्षं चालला. अभयारण्याचं नाव काढलं की मच्छीमार विचारतो, ‘मग आम्ही खायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. तिथली प्रवाळं वाचायलाच हवीत. पण ज्याची चूल त्या पाण्यावर पेटते, त्यालाच बाजूला सारलं तर राखण करणार कोण?

आता मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चला. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी इथे माणसं न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे फस्त करायचे. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने इथे काम सुरू केलं, ते गावाला सोबत घेऊन. पहाटे किनारा तुडवत मादीचा माग काढायचा. वाळूतली शंभरेक अंडी अलगद उचलायची, कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची, वाळू लोटायची. दिवस भरत आले की वर टोपली पालथी घालायची. पन्नासेक दिवसांनी एका सकाळी टोपली उचलावी, तर खाली तळहातात मावतील अशी काळपट पिल्लं वळवळत असतात. ती लाटेकडे सरकताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येतात, गावातल्याच घरांत उतरतात, तिथलंच जेवतात. कासवामुळे घरात चार पैसे आले आणि गावच कासवाचं राखणदार झालं.

भर समुद्रातही हाच हिशेब. जाळ्यात कासव अडकलं की ते सोडवायला अनेकदा जाळंच कापावं लागतं. कासव वाचतं, पण नुकसान मच्छीमाराचं. २०१८ पासून राज्य सरकार अशा जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. माणसाची मेहनत मोजली की तो जाळ्यावर सुरी चालवायला कचरत नाही. ही भरपाई मात्र वेळेवर हातात पडली पाहिजे. हेलपाटे घालायला लावले, तर पुढच्या वेळी सुरी उचलताना तो दोनदा विचार करील.

आणि मच्छीमाराच्या डोळ्यांचाही उपयोग करा. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ साली बंदी घातली. रात्री समुद्रात झगझगाट दिसला, तर तो सगळ्यांत आधी छोट्या होडीवाल्याला दिसतो. त्याच्या तक्रारीवर गस्तीनौका त्याच रात्री निघाली पाहिजे.

पुढची अधिसूचना काढण्याआधी साहेबांनी एक सकाळ रापणीवर यावं. दोर हाती धरावा, जाळं ओढावं, वाळूवर बसून विचारावं. उत्तर देणारे तिथेच आहेत.